ढिल्या हुकाची गोष्ट

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी टेप घ्यायला उभा होतो. माझ्या पुढचं गिऱ्हाईक कालच नेलेला टेप परत करायला आलं होतं. "शेठ, ह्याचा हुक ढिला आहे हो. पुढेमागे हलतोय. दुसरा द्या."

दुकानदाराने काही न बोलता खोक्यातून दुसरा टेप काढला आणि त्याचा हुक बोटाने हलवून दाखवला. मग तिसरा, मग चौथा. "सगळेच हलतात, दादा. न हलणारा दिला, तर तुमचं कपाट भिंतीत बसायचं नाही." गिऱ्हाइकाला ते पटलेलं दिसलं नाही. 'माल खपवतोय झालं' अशा चेहऱ्याने त्याने टेप पिशवीत टाकला आणि तो गेला.

मी त्याला हसलो नाही, कारण वीसेक वर्षांपूर्वी मी याच्या पुढची मजल मारली होती. घरातल्या टेपचा हुक हलतो म्हणून हातोडी घेऊन त्याचे रिवेट ठोकले होते. हुक घट्ट झाला, मी खूश झालो, आणि त्यानंतर त्या टेपने मोजून आणलेली पडद्याची काठी, मोरीतली फळी, फोटोची चौकट यांतलं काहीही धड बसलं नाही. दोष मी सुताराला दिला.

त्या हुकाची करामत अशी. फळीच्या बाहेरून माप घ्यायचं असेल तर हुक फळीच्या कडेला अडकवून टेप ओढायचा. अशा वेळी शून्य असतं हुकाच्या आतल्या बाजूला. खिडकीच्या आतून माप घ्यायचं असेल तर हुक भिंतीला टेकवून दाबायचा. आता शून्य हुकाच्या बाहेरच्या बाजूला गेलं. दोन्ही शून्यांमध्ये अंतर किती? हुकाच्या पत्र्याची जाडी, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. म्हणून पट्टीतली रिवेटची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवतात. ओढलं की हुक आपल्या जाडीइतका बाहेर सरकतो, दाबलं की तेवढाच आत. मी ठोकून बसवलेल्या टेपचं एक शून्य मी कायमचं मारून टाकलं होतं.

एक मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. टेपच्या सुरुवातीला बारीक अक्षरांत रोमन दोनचा आकडा छापलेला असतो. तो त्या टेपचा दर्जा. या दर्जाच्या पाच मीटर टेपला अख्ख्या लांबीत इकडे किंवा तिकडे १.३ मिलिमीटर चुकायची मुभा असते. म्हणजे कारखान्याने पाच मीटरमध्ये मिळून जेवढी चूक चालवून घेतली, जवळजवळ तेवढी मी हातोडीच्या दोन ठोक्यांत पहिल्या मिलिमीटरमध्येच करून ठेवली.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'माप' असा कळवला, तेव्हा वाटा बऱ्याच होत्या. नव्या नवरीने ओलांडायचं माप होतं, चिपटं-मापटं-शेर-पायली होती, 'मापात पाप' तर होतंच. पण मला हा ढिला हुक आठवला. हातात मावणाऱ्या मापाच्या हत्यारांत अशा किती खोड्या मुद्दाम करून ठेवल्या असतील, ते बघावं म्हणून डोंबिवलीहून ठाण्याच्या बाजूला निघालो. पाहत गेलो तसं एक लक्षात येत गेलं. यांतल्या फार थोड्या सुधारणा माप आणखी बारीक व्हावं म्हणून झालेल्या आहेत. बाकीच्या झाल्या त्या मोजणाऱ्या माणसामुळे. त्याचा हात, डोळा, घाम, घाई, आळस नेमका कुठे दगा देतो हे कुणीतरी पाळत ठेवून ओळखलं आणि तिथे एक टेकू लावला.

सव्वीस इंच तीन सूत

घोडबंदर रस्त्यावर चौदाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं फर्निचर चाललं होतं. सुतार मूळचे मालवणकडचे, पंचविसेक वर्षं ठाण्यात. ओट्याखालच्या खणाचं माप त्यांनी घेतलं आणि ओरडून सांगितलं, "सव्वीस इंच तीन सूत!" करवतीपाशी बसलेल्या पोऱ्याने ते प्लायवूडवर पेन्सिलने लिहिलं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला किंचित जास्त. देशात मेट्रिक मापं लागू व्हायला सुरुवात झाली १ ऑक्टोबर १९५८ला. त्यालाही आता किती दिवाळ्या लोटल्या. पण या खोलीत दोन्ही भाषा एका दमात बोलल्या जातात. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा, त्याची जाडी मात्र अठरा मिलिमीटर. ड्रॉवरचं चॅनल वीस इंची, पण दाराच्या बिजागरीसाठी पाडायचं भोक पस्तीस मिलिमीटरचं. सुतारकाकांच्या टेपच्या वरच्या कडेला इंच आणि खालच्या कडेला सेंटिमीटर आहेत. त्यांची नजर बिजागरी आली की खाली उतरते आणि लाकूड आलं की वर चढते. ते शिकवून होत नाही.

त्यांची एक सवय मला फार आवडली. बारीक काम असलं की ते हुकावर विसंबतच नाहीत. टेपवरची एक इंचाची रेघ फळीच्या कडेला धरतात आणि आलेल्या मापातून एक इंच वजा करतात. हुक वाकलेला असो की झिजलेला, फरक पडत नाही. "पण एकदा एक इंच वजा करायचा राहिला," ते म्हणाले, "आणि अख्खं शटर एक इंच मोठं. मोठं होतं म्हणून वाचलो. लहान झालं असतं, तर गेला ताव."

टेपची पट्टी सपाट नसते, नाल्यासारखी किंचित खोलगट असते. ही युक्ती अमेरिकेत हायरम फॅरंड याची, १९२२ सालची. त्याआधी स्प्रिंगने आत गुंडाळला जाणारा टेप होता. अल्विन फेलोज याने १८६८ साली त्याला बाहेर काढलेल्या लांबीवर अडवून ठेवायची सोय केली होती. पण ती पट्टी लुळी. कुणीतरी दुसरं टोक धरल्याशिवाय हवेत राहायची नाही. खोलगट झाल्यावर पट्टी ताठ उभी राहिली, एकट्या माणसाला छताचं माप घेता यायला लागलं. तरीही आपल्याकडे टेपचं दुसरं टोक धरणारा पोऱ्या टिकून राहिला, कारण तो स्वस्त होता आणि त्याच निमित्ताने काम शिकत होता.

त्याच्या नोकरीवर खरी गदा आली ती लेसरने. हातात धरायचं पहिलं लेसर-मापक लायका कंपनीने १९९३ साली आणलं. आता ते मोबाइलपेक्षा लहान झालं आहे. यंत्रातून निघालेला लाल किरण भिंतीवर आपटून परत येतो. किरणाची तीव्रता ठरावीक तालात कमीजास्त केलेली असते. परत आलेल्या तालाची मूळ तालाशी किती फारकत झाली यावरून यंत्र अंतर काढतं. चांगलं यंत्र दीड-दोन मिलिमीटरच्या आत चुकतं. महारेराचा कारभार १ मे २०१७ला सुरू झाला आणि भिंतींच्या आतला, प्रत्यक्ष वापरायचा चटई-क्षेत्राचा आकडा करारात आला. तेव्हापासून फ्लॅटचा ताबा घ्यायला जाणाऱ्या काही मंडळींच्या खिशात पेढ्याच्या पुड्याबरोबर हे यंत्रही असतं.

याचीही एक खोडी आहे, आणि ती टेपच्या हुकाची सख्खी बहीण आहे. माप यंत्राच्या मागच्या कडेपासून मोजायचं की पुढच्या, ते एका बटणाने ठरतं. मागची कड भिंतीला टेकवायची आणि बटण 'पुढची कड' दाखवत असायचं, की खोली यंत्राच्या लांबीइतकी, म्हणजे चांगली दहा-बारा सेंटिमीटर आखूड भरते. मग बिल्डरशी भांडण. सुतारकाकांकडेही लेसर आहे, कोटेशन द्यायला जाताना ते तोच नेतात. पण कापायच्या मापाला टेपच. "हा एका ठिपक्याचं सांगतो," ते म्हणाले. "भिंत खाली बाहेर आली आहे की वर, ते कोण सांगणार?" म्हणून ते खण खाली, मध्ये आणि वर असा तीनदा मोजतात आणि सगळ्यांत लहान माप धरतात. चौदाव्या मजल्यावरच्या त्या नव्याकोऱ्या भिंतीत तिन्ही मापं तीन निघाली.

आणि ओट्याची पातळी? त्यासाठी कोपऱ्यात पारदर्शक प्लॅस्टिकची नळी गुंडाळून ठेवलेली होती. नळीत पाणी भरायचं, एक टोक इथे, दुसरं तिथे, दोन्हीकडे पाणी एका उंचीला. जुन्या पाणसळीपेक्षाही साधी गोष्ट. लांब अंतरावर हिच्यासारखी खरी गोष्ट नाही, फक्त आत बुडबुडा राहता कामा नये. या नळीत सुधारणा काय केली, असं विचारल्यावर पोऱ्या म्हणाला, "पाण्यात नीळ टाकतो. दिसतं नीट."

साखळी गेली, गुंठा राहिला

इमारतींच्या खाली जमीन असते आणि कल्याण-डोंबिवलीत जमिनीचा भाव अजून गुंठ्यात बोलतात. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. हा तेहतिसाचा आकडा आला तो एका हत्यारातून. मुंबई इलाख्यातली जमीन मोजायची साखळी तेहतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. साखळीबरोबर काटकोन साधायला शंकू, म्हणून ती 'शंकूसाखळी'. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर.

लोखंडी साखळीची अडचण म्हणजे तिला सांधे फार. प्रत्येक कडी दुसऱ्या कडीवर घासते, झिजते, आणि साखळी हळूहळू लांब होत जाते. लांब झालेल्या साखळीने मोजलं की शेत लहान भरतं. चिखलात, गवतात कड्या अडकून ती आखडली की शेत मोठं. त्यानंतर फलकयंत्र आलं, इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आलं, आता मोजणीदार उपग्रहांशी बोलणारा रोव्हर काठीवर लावून बांधाबांधाने फिरतो. साखळी पाहिलेले लोकही आता थोडेच असतील. पण शिळफाट्याकडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कान द्या, सौदा तेहतीस फुटांच्या चौकोनातच चाललेला असतो.

वागळे इस्टेटमधला कटकट आवाज

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ची, आणि त्याची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. आज रिक्षावाल्याला 'वागळे' म्हटलं तर तो आधी विचारतो, कुठल्या आयटी पार्कला? रस्त्यांना नावांऐवजी नंबर आहेत, पण नंबरांच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आल्या आहेत. त्यांच्या मधल्या फटींत काही गाळे तग धरून आहेत. त्यांतल्या एकात तीन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिलिंग मशीन आणि देव्हाऱ्याखाली मापाच्या हत्यारांचं कपाट होतं. कुलूप तिजोरीला लावावं तसं.

गाळ्याचे मालक तिशीतले, वडिलांनंतर धंदा सांभाळणारे. टर्नर मात्र वडिलांच्या वेळचे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणालो. काकांच्या एप्रनच्या खिशात व्हर्नियर असतो, जसा डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप.

अकरावीच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर सगळ्यांनीच हाताळलेला असतो. नऊ मिलिमीटरचे दहा भाग, लीस्ट काउंट, शून्याची चूक, आणि मग बाईंच्या सहीसाठी रांग. आमच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरचा स्क्रू गळून पडलेला होता, त्यामुळे आम्ही रीडिंग शेजारच्या बाकावरून घेतलं. म्हणून काकांना मी पहिलाच प्रश्न विचारला तो वर्गातला, की याचा लीस्ट काउंट काय? "वीस मायक्रॉन लिहिलंय," ते म्हणाले. "माझ्या हातात पन्नास धरा."

ती नम्रता नव्हती, व्हर्नियरच्या घडणीतच तसं आहे. पिएर व्हर्नियरने १६३१ साली मांडलेली कल्पना इतकी सुंदर आहे की तिच्यापुढे हत्याराचं अंग दुबळं पडतं. एकोणपन्नास मिलिमीटरच्या पट्टीचे पन्नास भाग केले की प्रत्येक भाग ०.०२ने आखूड होतो. मग दोन्ही पट्ट्यांवरची जी रेघ रेघेला जुळेल, ती मिलिमीटरचा पन्नासावा भाग सांगते. पण मोजायची वस्तू असते जबड्यांच्या टोकाशी आणि पट्टी असते वर. जोरात दाबलं की सरकता जबडा किंचित तिरपा होतो. मोजायची वस्तू आणि मापाची पट्टी एकाच रेषेत हवी, हे जर्मनीत येना इथे झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८९०च्या सुमारास सांगून ठेवलं. काकांनी अ‍ॅबेचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण जॉब ते जबड्यांच्या टोकात न धरता आत, पट्टीच्या जवळ धरत होते.

मायक्रोमीटर हा नियम पाळतो. त्यात वस्तू, स्क्रू आणि माप एका ओळीत. पॅरिसच्या जाँ लॉराँ पामेर याने १८४८ साली त्याचं पेटंट घेतलं. ते हत्यार १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेच्या ब्राउन आणि शार्प या दोघा भागीदारांच्या नजरेला पडलं, आणि तिथून ते यंत्रशाळांच्या खिशांत गेलं. स्क्रूला एक फेरा दिला की तो अर्धा मिलिमीटर पुढे जातो. फिरत्या नळीवर पन्नास रेघा, म्हणजे एका रेघेला मिलिमीटरचा शंभरावा भाग.

या स्क्रूत ताकद फार. त्याने सुपारी फुटेल म्हणा ना. म्हणजे दोन माणसांनी एकच पिन मोजली तर जो जास्त आवळेल त्याचं माप कमी येणार. यावर उपाय म्हणजे मायक्रोमीटरच्या शेपटीला लावलेलं रॅचेट. ठरलेला दाब आला की ते कट-कट-कट करत मोकळं फिरतं, स्क्रू पुढे जात नाही. काका मात्र रॅचेटला हात लावत नाहीत. "ते पोरांसाठी," म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि एक पिन पुढे केली. आधी रॅचेटशिवाय. काकांचं माप ११.९८. शिकाऊ मुलाचं ११.९६, कारण तो जिममध्ये जातो. माझं १२.०१, कारण मी घाबरून नीट टेकवलंच नव्हतं. मग रॅचेट लावून तिघांनी मोजलं: ११.९८, ११.९८, ११.९८. म्हणजे काकांचं खरंही होतं आणि नव्हतंही. त्यांच्या बोटांत रॅचेट बसलं होतं. पण ती बोटं रिटायर होतील तेव्हा गाळ्याला ती विकत मिळणार नाहीत, शेपटीचं ते चाक मिळतं.

मायक्रोमीटरची दुसरी खोड वाचण्यातली. फेरा अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने नळीच्या कडेशी अर्ध्याची रेघ अर्धवट लपलेली असते. ती दिसली नाही की माप थेट ०.५०ने चुकतं. शंभराव्या भागापर्यंत बरोबर आणि अर्धा मिलिमीटर चूक! या चुकीने जेवढा माल भंगारात गेला असेल तेवढा झिजलेल्या स्क्रूने खासच गेला नसेल. आकडे दाखवणारा मायक्रोमीटर आला तो मुख्यतः यासाठी, बारकाईसाठी नव्हे.

आणि ज्याला वाचायचंच नाही त्याच्यासाठी काय? कपाटाच्या खालच्या कप्प्यात डंबेलसारखी दिसणारी दंडगोल गेजं होती, एक टोक हिरवं, एक लाल. हिरवं टोक भोकात गेलं पाहिजे, लाल जाता कामा नये. ना आकडा, ना रेघ, ना चष्मा. दिवसाला हजार भोकं तपासणाऱ्या बाईला माप किती आहे हे कशाला हवंय? चालेल की नाही, एवढंच हवंय. मला विचाराल तर सगळ्या कपाटात हेच हत्यार सर्वांत हुशारीचं. मोजणाऱ्याचं मत त्याने विचारलंच नाही.

घाम, कूलंट आणि बटणाएवढा सेल

कपाटात दोन डिजिटल व्हर्नियर होते, एक महागडा जपानी आणि दुसरा त्याच्या काही पट स्वस्त. दिसायला भावंडं.

जपानी हत्यारावर मितुतोयोचं नाव होतं. ही कंपनी १९३४ साली येहान नुमाता यांनी काढली. नुमाता हिरोशिमाकडच्या बौद्ध मंदिराच्या घरातले. अमेरिकेत शिकत असताना त्यांनी बुद्धाचा विचार पसरवायला इंग्रजी नियतकालिक काढलं, ते पैशाअभावी चालेना. तेव्हा धर्मकार्याला पैसा उभा करायचा म्हणून त्यांनी धंदा निवडला, तो मायक्रोमीटरचा! पुढे त्या पैशातून बौद्ध ग्रंथांच्या अनुवादाचं आणि वाटपाचं मोठं काम उभं राहिलं. वागळे इस्टेटमधल्या लेथवर सम्यक मापन असं येऊन पोचलं.

स्वस्त डिजिटल व्हर्नियरच्या पट्टीवरच्या स्टिकरखाली तांब्याच्या बारीक पट्ट्यांची ओळ असते आणि सरकत्या भागात तशाच दुसऱ्या पट्ट्या. दोहोंमध्ये विजेचा साठा किती होतो, तो सरकताना कसा बदलतो, यावरून आकडा येतो. मधे हवेची फट असते तोवर ठीक. तिच्यात कूलंटचं पाणी शिरलं की बिघडलं, कारण पाण्याचा विजेशी वागण्याचा ढंग हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगळा. आकडे नाचायला लागतात. पावसाळ्यात तर कूलंटही लागत नाही, खाडीवरून येणारी दमट हवा पुरते. महागड्या हत्यारात त्याऐवजी वेटोळ्यांतला चुंबकी परिणाम वापरतात, त्याला पाणी-तेल बाधत नाही. मालकांनी तो नळाखाली धरून दाखवला. मीच दचकलो.

दुसरा फरक आठवणीचा. स्वस्त हत्याराला आपण कुठे आहोत ते ठाऊक नसतं. शून्यापासून किती सरकलो एवढंच ते मोजत बसतं, म्हणून पडदा विझला तरी आतून जागं राहतं आणि सेल खातं. फटकन सरकवलं तर मोजता मोजता चुकतं. महागड्याच्या पट्टीवरची नक्षी जागोजागी वेगळी असते, त्यामुळे जाग आल्यावर त्याला आपली जागा लगेच ओळखता येते. शून्याचं बटण तर दुधारी. एका शिकाऊ मुलाने जबड्यात कण अडकलेला असताना शून्य दाबलं आणि दुपारपर्यंतचे सगळे जॉब तेवढ्याने चुकले, ही गोष्ट मला त्या दिवशी दोन गाळ्यांमध्ये ऐकायला मिळाली. दोन्हीकडे मुलगा वेगळा होता.

सेलचंही राजकारण आहे. एसआर चव्वेचाळीस आणि एलआर चव्वेचाळीस हे दोन्ही सेल एकाच आकाराचे. पहिला चांदीच्या ऑक्साइडचा, संपेपर्यंत दाब टिकवून धरतो. दुसरा अल्कलाइन, त्याचा दाब पहिल्या दिवसापासून उतरत जातो. दुकानात मागाल एक, हातात पडतो दुसरा, आणि महिन्याभरात व्हर्नियर खराब निघाला म्हणून शिव्या बसतात त्या व्हर्नियरला.

काकांना या दोन्ही हत्यारांचं कौतुक नाही, पण एका सुधारणेचं आहे. मायक्रोमीटरच्या कमानीवर प्लॅस्टिकच्या दोन चकत्या बसवलेल्या असतात. नक्षी नव्हे ती. हाताची ऊब लोखंडात जाऊ नये म्हणून. जगभरात लांबीचं माप वीस अंश सेल्सियस तापमानाला खरं मानतात. वागळे इस्टेटच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये वीस अंश कुठून आणणार? पोलादी हत्यार आणि पोलादी जॉब, दोघंही सारखेच फुगतात, म्हणून निभावतं. पण जॉब अ‍ॅल्युमिनियमचा असला तर तो पोलादाच्या दुप्पट फुगतो. शंभर मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मशीनवरून हत्यारापेक्षा वीस अंश गरम उतरला, तर तो ४६ मायक्रॉन मोठा भरतो. लेथवर बरोबर असलेला जॉब संध्याकाळी लहान होतो. "कापला बरोबर, मोजला गरम," एवढंच काका म्हणाले. त्यांच्या लेथशेजारी पत्र्याचा एक डबा आहे. मोजण्याआधी जॉब त्यात थंड व्हायला ठेवतात. त्या डब्यावर कुणाचं पेटंट नाही.

घामाचं तर विचारूच नका. काही माणसांचा घाम असा असतो की त्यांनी हाताळलेल्या पोलादावर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजलेले दिसतात. गाळ्यात असा एक जण आहे. त्याच्या हत्यारांवर वेगळी खूण केली आहे, आणि त्याला पुसायचं फडकं दोनदा मिळतं.

मेगाब्लॉकमधली काठी

रविवारी परत येताना मेगाब्लॉक होता. ठाण्यापासून पुढे धीम्या मार्गावर गाड्या बंद. फलाटाच्या टोकाला गेलो तर भगव्या जॅकेटमधल्या ट्रॅकमनच्या हातात रुळांवर आडवी टाकायची एक लांब पट्टी होती. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे जुने साडेपाच फूट. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली तीही याच रुंदीवर. पट्टी दोन्ही रुळांना टेकवली की अंतर कळतं आणि तिच्यातल्या बुडबुड्यावरून कुठला रूळ उंच, कुठला सखल तेही. वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवतात, तो नेमका किती उचललाय हे तिथल्या तिथे समजतं.

या पट्टीतली खरी सुधारणा दिसत नाही. दोन्ही रुळांतून सिग्नलसाठी बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिचा आस दोन्ही रुळांना जोडतो, प्रवाह मधल्यामध्येच वळतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. आता रुळांवर अखंड लोखंडी पट्टी टाकली, तर रुळांच्या दृष्टीने तीही गाडीच! म्हणून पट्टीत वीज न वाहणारा तुकडा घालतात. तो नसता तर रुंदी मोजायला वाकलेल्या एका माणसाने कल्याणपर्यंतच्या लोकल थांबवल्या असत्या. आपल्याकडे तेवढ्याची वाट पाहणारे हजारो असतात, शिव्या सिग्नलला मिळाल्या असत्या.

हुक, पुन्हा एकदा

पुढच्या आठवड्यात मी नवा टेप घेऊन काकांकडे गेलो. हुकाची जाडी आणि हुकाचा खेळ खरंच सारखे आहेत का, ते मला बघायचं होतं. जाडी सोपी होती. रॅचेट लावून मायक्रोमीटरने मोजली: १.०४. खेळ मोजणं मात्र अवघड निघालं. हुक ओढून धरायचा, पट्टी पक्की धरायची, आणि दोन्ही स्थितींतला फरक व्हर्नियरने घ्यायचा, याला तीन हात लागतात. शिकाऊ मुलाने टेप धरला. मी मोजला, १.१४ आला. पुन्हा मोजला, १.१०. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, जबडे फडक्याने पुसले, एकदा प्रकाशासमोर मिटून बघितले आणि मोजलं: १.०६.

"दोन शतांश जास्त आहे," मी म्हणालो.

"टेप कोणी धरलाय बघा," काका म्हणाले. मुलगा हसला. बाहेर जेवणाची सुट्टी झाली होती. काकांनी मायक्रोमीटरचं तोंड किंचित उघडं ठेवून तो खोक्यात ठेवला. मिटून ठेवला तर उन्हाने फुगून स्वतःलाच आवळतो, म्हणाले. मग कपाटाला कुलूप घातलं आणि आम्ही वडापाव आणायला मुलाला पाठवलं.